धागा: पाच युनिट वीज, शंभर नॅनोसेकंद – इम्पल्स जनरेटरपासून झेड मशीनपर्यंत

गोदाकाठ

अंबड-सातपूरला ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरची कामं करणाऱ्यांना इम्पल्स टेस्ट (वीज कोसळल्यासारखा क्षणिक व्होल्टेजचा धक्का देऊन तपासणं) नवी नाही. शिलापूरला सीपीआरआयची (केंद्रीय वीज संशोधन संस्थेची) चाचणी प्रयोगशाळा आल्यापासून नाशकात ह्या विषयावर बोलणारेही वाढलेत. पण आपल्या टेस्ट हॉलमधला हा धक्का देणारा जो मार्क्स जनरेटर आहे, त्याचीच भावंडं अमेरिकेत अणुबॉम्बच्या संशोधनाला जुंपली आहेत, हे फारसं बोललं जात नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात आकड्यांनी करतो. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला सँडिया प्रयोगशाळेत झेड मशीन आहे. त्यात ३६ मार्क्स जनरेटर, प्रत्येकात ६० कपॅसिटर, प्रत्येक कपॅसिटर २.६ मायक्रोफॅरडचा. ८५ केव्हीला चार्ज केलं की एका कपॅसिटरमध्ये साधारण ९.४ किलोज्यूल, एका मार्क्समध्ये ५६० किलोज्यूल आणि सगळे मिळून वीस मेगाज्यूलच्या थोडं वर.

वीस मेगाज्यूल म्हणजे किती? एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे साडेपाच युनिट. उन्हाळ्यात एक एसी रात्रभर चालला की एवढं बिल येतं! गंमत ऊर्जेत नाहीच, वेळेत आहे. निवांत भरलेली ही ऊर्जा टप्प्याटप्प्याने आवळत आणून शेवटी २६ दशलक्ष अँपिअरचा करंट सुमारे १०० नॅनोसेकंदांत चढवायचा. प्रत्येक टप्प्याला प्रश्न दोनच: इन्सुलेशन किती वेळ तग धरेल, आणि स्विच नेमका कधी मिटेल.

मार्क्स म्हणजे एर्विन मार्क्स, जर्मन अभियंता. कल्पना १९२४ ची आणि आजही तीच: कपॅसिटर समांतर भरायचे, स्पार्क गॅप फोडून एकसरीत सोडायचे. जाणकारांनी भर घालावी.

वाइंडिंग_वाला

छान धागा. टेस्ट हॉलची बाजू मी मांडतो, म्हणजे तुलना करता येईल.

१० स्टेजचा (स्टेज म्हणजे एक कपॅसिटर आणि त्याचा गॅप), स्टेजला १०० केव्ही, ०.५ मायक्रोफॅरड असा जनरेटर धरा. एकूण २५ किलोज्यूल. एकसरीत आल्यावर धारकता ०.५ भागिले १०, म्हणजे ५० नॅनोफॅरड. आता झेडचा एक मार्क्स बघा: २.६ भागिले ६० म्हणजे ४३ नॅनोफॅरड. बाहेरून बघणाऱ्या लोडला दोन्ही जवळपास सारखेच! फरक एवढाच की आपला १ मेगाव्होल्टला थांबतो, तो पाचला.

वेव्हचा आकार १.२/५०. फ्रंट (चढ) १.२ मायक्रोसेकंद अधिक-उणे ३० टक्के, टेल (उतार) ५० अधिक-उणे २० टक्के, शिखर अधिक-उणे ३ टक्के. रेझिस्टर काढायची कामचलाऊ सूत्रं (सी१ जनरेटरची एकसरी धारकता, सी२ लोडची; आर१ फ्रंटचा रेझिस्टर, आर२ टेलचा):

फ्रंट = ३ × आर१ × (सी१·सी२ / (सी१+सी२))
टेल = ०.७ × (आर१+आर२) × (सी१+सी२)

लोड आणि व्होल्टेज मोजायचा डिव्हायडर मिळून २ नॅनोफॅरड असेल तर एकसरी धारकता १.९२ नॅनोफॅरड. मग आर१ सुमारे २०८ ओहम, म्हणजे स्टेजला २१. दोन्हींची बेरीज १३७४, म्हणून आर२ सुमारे ११६६, स्टेजला ११७. जागेवर जे तयार रेझिस्टर असतील त्यातले जवळचे लावायचे, कमी व्होल्टेजला एक शॉट घेऊन ऑसिलोस्कोपवर बघायचं आणि मग बदलायचं. पहिल्याच जोडणीत वेव्ह बसली तर स्कोपची सेटिंग पुन्हा तपासा :)

तिसरा_स्टेज

@वाइंडिंग_वाला, सूत्रं बरोबर, पण त्यात इंडक्टन्स धरलेला नाही, आणि भांडण नेमकं तिथेच सुरू होतं.

स्टेजला ४ मायक्रोहेन्री धरा, लीडसकट एकूण ४०. लोड २ नॅनोफॅरड असताना क्रिटिकल डॅम्पिंगला (वेव्ह हेलकावे न खाता बसायला) २×√(एल/सी) म्हणजे २८९ ओहम हवेत. आपल्याकडे २०८. ओव्हरशूट (शिखराच्या वर जाणारी उसळी) ४ टक्क्यांच्या आत, चालतंय. आता मोठा ट्रान्सफॉर्मर आणा, ५ नॅनोफॅरडचा. सूत्राने आर१ येतो ८८, पण क्रिटिकल १८८. ओव्हरशूट जवळजवळ १९ टक्के! आयईसीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीत मर्यादा १० आहे.

अशा वेळी फ्रंट वरच्या टोकाला न्यायचा. १.५६ मायक्रोसेकंदापर्यंत मुभा आहेच. आर१ येतो ११४, ओव्हरशूट ९ वर उतरतो. तरीही भागलं नाही तर लूप लहान करा: जनरेटर ते बुशिंगची (ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या टोकाची) लीड आखूड, तारेऐवजी रुंद तांब्याची पट्टी, आणि परतीची अर्थिंग थेट जनरेटरच्या पायथ्याशी. लीडच्या प्रत्येक मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरायचा.

दुसरी अडचण टेलची. कमी इंडक्टन्सच्या एलव्ही (कमी व्होल्टेजच्या) वाइंडिंगवर टेल ५० ला पोचतच नाही, १५-२० लाच बसते. तिथे स्टेज कमी करून समांतर जोडायचे, म्हणजे सी१ वाढतो. आणि न टेस्ट होणारी टोकं रेझिस्टरमधून अर्थिंगला जोडायची, थेट नाही.

गोदाकाठ

हेच झेडवाल्यांचंही दुखणं आहे, फक्त त्यांच्याकडे मायक्रोहेन्रीचं नॅनोहेन्री होतं. करंट चढण्याचा वेग म्हणजे व्होल्टेज भागिले इंडक्टन्स. पाच मेगाव्होल्ट असले तरी लोडपाशी दहा-वीस नॅनोहेन्री जास्त झाले की मेगाअँपिअर गळतात. म्हणून ३६ मॉड्यूल चाकाच्या आऱ्यांसारखी गोल मांडलेली आहेत. समांतर वाटा जितक्या जास्त, तितका इंडक्टन्स कमी.

पांडवलेणी

एक गोष्ट नाशिककरांनी विसरू नये: आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. हवेचा दाब साधारण ९४३ हेक्टोपास्कल. उघड्या हवेतल्या गॅपला हे थेट लागतं.

सापेक्ष घनता = (दाब/१०१३) × (२९३/(२७३+तापमान)).

मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश असतील तर ०.८७. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला ०.९६. म्हणजे एकाच गॅपच्या फुटण्यात वर्षाकाठी नऊ-दहा टक्क्यांची हालचाल.

स्पार्क गॅपला २५ सेंटिमीटर व्यासाचे गोळे आणि १०० केव्ही धरलं तर पुस्तकी हवेत गॅप ३.६ सेंटिमीटरच्या आसपास. डिसेंबरात नाशकात तोच ३.८ आणि मेमध्ये ४.१ लागेल. हिवाळ्यात पाच टक्के मार्जिन ठेवून लावलेला जनरेटर उन्हाळ्यात चार्ज होता होता आपोआप फुटतो, आणि मग ठिणगी सुरू करणाऱ्या ट्रिगर बॉक्सला शिव्या बसतात. ट्रिगर निर्दोष असतो. हवा पातळ झालेली असते.

उलटंही होतं. थंडीत गॅप जास्त पडला की पहिला फुटतो आणि चौथा-पाचवा फुटत नाही, वेव्ह अर्धवट येते. त्यावर उपाय: सगळे गॅप एका ओळीत, एकमेकांना दिसतील असे. पहिल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश पुढच्या गॅपमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि फुटण्यातला विलंब घटतो. मध्ये कुणी ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून प्लास्टिकची पार्टिशन लावली की गेला फायदा.

आणि करेक्शन फक्त बाहेरच्या इन्सुलेशनला. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तेल-कागदाला नाशिकची हवा लागत नाही. ३३ केव्ही वर्गाला १७० केव्ही बीआयएल (सोसायलाच हवी ती इम्पल्सची पातळी) म्हणजे १७०च.

द्राक्षबाग_आणि_व्होल्ट

रेझिस्टरचं बोलायचं तर मोठ्या पल्स्ड पॉवर मशीनमध्ये चार्जिंगचे आणि डंपचे (उरलेली ऊर्जा जिरवणारे) रेझिस्टर बऱ्याचदा वायरवाउंड (तार गुंडाळलेले) नसतातच. प्लास्टिकच्या नळीत मोरचुदाचं पाणी! आपल्याकडे बोर्डो मिश्रणासाठी पोत्याने मिळतं तेच कॉपर सल्फेट. द्रावण सगळ्या आकारमानात तापतं, त्यामुळे एका शॉटला शेकडो किलोज्यूल पचतात. फुटलं तर नळी बदलली की झालं.

पण बागेतलं मोरचूद वापरू नका. त्यात लोह आणि इतर क्षार असतात. रोध ठरत नाही आणि तळाशी गाळ बसतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या, पाणी डीआयोनाइज्ड. इलेक्ट्रोड शुद्ध तांब्याचेच. ॲल्युमिनिअम लावलं तर त्यावर तांबं चढतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि बुडबुड्याच्या जागी फ्लॅशओव्हर होतो (पृष्ठभागावरून ठिणगी जाते). पितळही नको, त्यातलं जस्त विरघळतं. नळी उभी ठेवा, वर हवेला जागा सोडा.

तापमान एक अंश वाढलं की रोध साधारण दोन टक्के उतरतो. सकाळी २५ अंशाला मोजलेला १ किलोओहम दुपारी ३८ अंशाला पाऊणच्या आसपास येतो. मोजायचा तोही मल्टिमीटरच्या डीसीवर नाही, ध्रुवीकरणाने आकडा खोटा येतो. एक किलोहर्ट्झच्या एलसीआर मीटरवर, किंवा सरळ पल्स देऊन.

कॉलेजरोड_फिजिक्स

मार्क्सनंतर झेडमध्ये काय होतं? मार्क्सचा पल्स मायक्रोसेकंदाचा, लोडला १०० नॅनोसेकंद. मध्ये दहापट आवळतात कसं?

गोदाकाठ

पाण्याने. मार्क्स तेलाच्या टाकीत बुडवलेले असतात आणि ते आपली ऊर्जा पाण्याच्या कपॅसिटरमध्ये ओततात. शुद्ध पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०, तेलाचा सव्वादोन-अडीच. त्यामुळे थोड्या जागेत ऊर्जा मावते, आणि पल्स पाण्यात प्रकाशाच्या एक-नवमांश वेगाने जातो. १०० नॅनोसेकंदांचा पल्स घडवणारी लाइन तेलात दहा मीटर लांब लागेल. पाण्यात पावणेदोन मीटर पुरे.

पण पाणी गळतं. १८ मेगाओहम-सेंटिमीटरचं उत्तम पाणी घेतलं तरी त्याचा स्वतःचा टाइम कॉन्स्टंट सव्वाशे मायक्रोसेकंदच. आणि गळतीपेक्षा मोठी भीती ब्रेकडाउनची. इंग्लंडमध्ये ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात जे. सी. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून ठेवलं: पाणी किती क्षेत्र सोसेल ते ताणाच्या वेळेच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात. वेळ आठपट कमी केली की दुप्पट क्षेत्र चालतं. म्हणून घाईने भरायचं आणि घाईने रिकामं करायचं. तेलाला, पाण्याला जेवढा वेळ विचार करायला द्याल तेवढे ते फुटतात.

साखळी अशी: मार्क्स → पाण्याचा मधला कपॅसिटर (भरायला एक-दीड मायक्रोसेकंद) → लेझरने फोडलेला एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) चा गॅस स्विच → पाण्याच्या लाइन आणि पाण्यातलेच आपोआप फुटणारे स्विच → निर्वात. ३६ गॅस स्विच एकमेकांच्या काही नॅनोसेकंदांच्या आत मिटले पाहिजेत. म्हणून तिथे ट्रिगर इलेक्ट्रोड नाही, लेझर.

पाणी आणि निर्वात यांच्या सीमेवर प्लास्टिकच्या कड्यांची चळत असते, धार ४५ अंशांत कापलेली. सरळ कापली तर इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर टप्पे घेत जातात आणि फ्लॅशओव्हर होतो. तिरकी असली की ते पृष्ठभागापासून दूर फेकले जातात.

त्यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. निर्वातात धातूच्या पत्र्यांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर फट, व्होल्टेज मेगाव्होल्टमध्ये. कॅथोड इलेक्ट्रॉन ओकणारच, थांबवता येत नाही. पण करंटचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनना वळवून पुन्हा कॅथोडजवळ ठेवतं. इन्सुलेशन म्हणून चुंबकीय क्षेत्र! करंट चढण्याआधीच्या काही नॅनोसेकंदांत थोडी गळती होते, मग लाइन स्वतःच स्वतःला सावरते. चार थरांच्या लाइन जिथे एकत्र येतात तिथे मात्र क्षेत्र शून्य होणारे बिंदू तयार होतात आणि तिथून करंट निसटतो.

कॉलेजरोड_फिजिक्स

आणि लोडवर?

गोदाकाठ

२६ मेगाअँपिअर १ सेंटिमीटर त्रिज्येच्या नळकांड्यावरून गेले तर क्षेत्र ५२० टेस्ला, दाब दहा लाख वातावरणांच्या वर. त्रिज्या मिलिमीटरवर आली की दाब शंभरपट, म्हणजे दहा कोटी वातावरणांच्या घरात. करंट स्वतःच्याच वाहकाला आत चिरडतो, हाच झेड-पिंच. नावातला झेड तो, अक्षाच्या दिशेचा करंट.

१९९० च्या दशकात टंगस्टनच्या केसाहून बारीक तारांचं पिंजऱ्यासारखं नळकांडं वापरायला लागले. तारा थोड्या असताना पिंच वेडावाकडा व्हायचा. दोन-तीनशे केल्यावर क्ष-किरणांची शक्ती एकदम वाढली. २००७ च्या नूतनीकरणानंतर साधारण ३५० टेरावॉट, ऊर्जा २.७ मेगाज्यूल, म्हणजे पाऊण युनिट. क्ष-किरणांची ही शक्ती आत येणाऱ्या विजेच्या शक्तीहून जास्त आहे. ऊर्जा निर्माण होत नाही: तारा आत धावताना शंभर नॅनोसेकंद गतिज ऊर्जा गोळा करतात आणि अक्षावर आपटून काही नॅनोसेकंदांत सोडतात. शेवटची आवळणी हीच.

प्रत्येक शॉटनंतर मधला भाग चेचून गेलेला असतो. म्हणून दिवसाला फार तर एक शॉट.

पांडवलेणी

बॉम्बशी संबंध नेमका कुठे? तारा चिरडून बॉम्ब कळतो का?

तिसरा_स्टेज

अमेरिकेची शेवटची भूमिगत चाचणी २३ सप्टेंबर १९९२ ची. त्यानंतर साठ्यातली जुनी अस्त्रं न फोडता तपासायची, तर संगणकातल्या गणितावर भिस्त. त्या गणिताला पदार्थाचे आकडे लागतात: इतक्या दाबाला धातूची घनता किती, तो कधी वितळतो, किरणांना किती अडवतो. लाखो वातावरणांचा दाब हायड्रॉलिक प्रेसमध्ये मिळत नाही.

झेडवर दोन पद्धती. एक, चुंबकीय दाबाने ॲल्युमिनिअमची किंवा तांब्याची पातळ चकती उडवून नमुन्यावर आदळायची. सेकंदाला ४० किलोमीटरच्या वर वेग गाठलेत. बंदुकीच्या गोळीला एक किलोमीटर म्हणजे खूप झालं. दोन, करंटचा चढ मुद्दाम लांबवून नमुना हळूहळू दाबायचा, म्हणजे शॉक न बसता तो कमी तापतो. दुसऱ्या पद्धतीत करंटचा आकार चुकला तर मध्येच शॉक तयार होतो आणि मोजणी वाया. म्हणून ३६ मॉड्यूल मुद्दाम वेगवेगळ्या क्षणी फोडतात. प्लुटोनिअमचे नमुनेही दाबले गेलेत, बंदिस्त भांड्यात.

शिवाय क्ष-किरणांच्या झोतात इलेक्ट्रॉनिक्स टिकतं का हे बघणं, आणि अणुस्फोटाशिवायच्या प्रयोगांचे क्ष-किरण फोटो. लॉस अलामॉसचं डार्ट यंत्र ह्या दुसऱ्या कामाचं. पहिला अक्ष सुमारे २० एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा), पल्स साठेक नॅनोसेकंदांचा. म्हणजे पल्स्ड पॉवर तिथे कॅमेऱ्याचा फ्लॅश आहे.

सगळं शस्त्रांसाठीच असंही नाही. सूर्याच्या आतल्यासारख्या अवस्थेत लोखंड किरणांना किती अडवतं हे झेडवर मोजलं. २०१५ मध्ये छापून आलं आणि आकडा सिद्धांतापेक्षा बराच जास्त निघाला. खगोलवाले अजून डोकं खाजवताहेत.

मेनरोड

आपल्याकडे बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) काली नावाचं यंत्र आहे ना? त्याने म्हणे सियाचिनला हिमस्खलन घडवलं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आहे.

तिसरा_स्टेज

मेनरोड भाऊ, व्हिडिओ डिलीट करा. कालीचा अर्थ किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. मार्क्स जनरेटर, मग पल्स घडवणारी लाइन, मग इलेक्ट्रॉन डायोड. वर गोदाकाठ यांनी लिहिलेल्या साखळीचाच धाकटा अवतार. इलेक्ट्रॉनची ऊर्जा एक एमईव्हीच्या आसपास. एक एमईव्हीचा इलेक्ट्रॉन साध्या हवेत तीन-साडेतीन मीटर जाऊन थांबतो. त्र्यंबकेश्वरहून सोडला तर देवळाच्या आवारातही पोचणार नाही, सियाचिन सोडा. उपयोग आहेत ते फ्लॅश क्ष-किरण आणि शक्तिशाली मायक्रोवेव्हच्या संशोधनाचे.

सिडको_इलेक्ट्रिकल

शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला छोटा मार्क्स करायचा आहे. पार्ट काय घ्यावेत? ऑनलाइन ट्रिगर्ड स्पार्क गॅप दिसतात, ते घेऊ का?

वाइंडिंग_वाला

ट्रिगर्ड स्पार्क गॅप विसरा. ते मुतखडा फोडणाऱ्या यंत्रातही लागतात आणि अण्वस्त्रांतही, म्हणून अणुपुरवठादार गटाच्या दुहेरी वापराच्या यादीत आहेत. आपल्या स्कोमेट यादीतही (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या) अशा वस्तू येतात. कमी इंडक्टन्सचे मोठे पल्स कपॅसिटरही त्याच माळेतले. प्रोजेक्टला काहीही गरज नाही.

१० स्टेज, कपॅसिटर १ नॅनोफॅरड १५ केव्ही सिरॅमिक, चार्जिंग १० केव्ही. एकूण ऊर्जा अर्धा ज्यूल. चार्जिंग रेझिस्टर प्रत्येकी १ मेगाओहम. पण पाव-अर्ध्या वॅटच्या साध्या रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादा तीनशे-साडेतीनशे व्होल्ट असते. एकेक लावलात तर वरून ठिणगी जाईल. हाय व्होल्टेज प्रकारचे घ्या. गॅप डोमनटचे (घुमटासारख्या डोक्याच्या नटचे), अंतर ३ मिलिमीटर, पहिला किंचित कमी. वर पांडवलेणी म्हणाले तसे एका ओळीत. टोकं घासून गोल करा. टोकदार राहिली तर कोरोना होऊन (टोकातून हवेत चार्ज गळून) शेवटच्या स्टेजला चार्ज पोचतच नाही. सगळ्या स्टेजची शिडी भरायला दशांश सेकंदाच्या आसपास, म्हणून सेकंदाला एक-दोन ठिणग्या मिळतील.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर सप्लायला वापरू नका. त्याने माणसं मेलीत. करंट मर्यादा एक मिलिअँपिअरच्या आत असलेला तयार मोड्यूल घ्या.

द्राक्षबाग_आणि_व्होल्ट

अर्ध्या ज्यूलला हसण्यावारी नेता येईल, पण सवय तिथेच लागते. हॉलमधला २५ किलोज्यूलचा मार्क्स म्हणजे एक टन वजन अडीच मीटरवरून पडतंय असं समजा.

क्रम: सप्लाय बंद, कुलूप, डंप रेझिस्टर खाली आलेला डोळ्यांनी बघा. मग अर्थिंग रॉड, आधी रेझिस्टर असलेला, नंतर थेट. थेट रॉड आधी लावला तर कपॅसिटर पूर्ण रिव्हर्सल खातो (व्होल्टेज उलटं फिरतं), आयुष्य घटतं आणि टोक वितळून उडतं. प्रत्येक स्टेजला वेगळी शॉर्टिंग वायर, आणि ती काम संपेपर्यंत तशीच. डिस्चार्ज करून उघडा ठेवलेला कपॅसिटर डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेल्या चार्जमुळे मिनिटांत पुन्हा व्होल्टेज दाखवतो. कपाटातला सुटा कपॅसिटरसुद्धा टर्मिनल बांधूनच ठेवायचा.

पांडवलेणी

माझ्या वरच्या प्रतिसादात एक राहिलं. गॅप बंद डब्यात, कोरड्या हवेच्या दाबाखाली असतील तर ऋतूचा त्रास बराच कमी होतो, पण गेज वाचताना सांभाळा. गेजवर १ बार म्हणजे मुंबईत निरपेक्ष २.०१, नाशकात १.९४. मुंबईच्या प्रयोगशाळेचा चार्ट तसाच्या तसा लावला तर तीन-साडेतीन टक्के आधी फुटेल. चार्ट निरपेक्ष दाबात लिहून घ्या.

सिडको_इलेक्ट्रिकल

धन्यवाद सगळ्यांना. डोमनट एम८ चालतील का एम१०?

वाइंडिंग_वाला

एम१०. डोकं जितकं मोठं गोल, तितका गॅप एकसारखा फुटतो. निकेल प्लेटिंग घासून काढा, नाहीतर पन्नास-शंभर ठिणग्यांनंतर खवले निघतात.